इंग्लिशच्या तासाचे नेहमीचे प्रश्न: फिगर्स ऑफ स्पीच (म्हणजे अलंकार), समोरच्याला पटवणं आणि शब्दसंग्रह

नववी ते बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाबा इंग्लिशबद्दल जे सारखं विचारतात ते एकदाच इथे लिहून ठेवतेय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसायला नको. डोळ्यासमोर महाराष्ट्र बोर्डाचा पेपर आहे, पण बाकीच्यांनाही बरंचसं चालून जाईल.

सिमिली आणि मेटाफरमध्ये दरवेळी गोंधळ होतो. एखादी सोपी खूण सांगा ना.

"लाइक" किंवा "ॲज" दिसलं की सिमिली, ही खूण सगळ्यांना पाठ आहे आणि नेमकी तीच मुलांना गोत्यात आणते. "आय लाइक मँगोज" यात लाइक आहे, पण कशाची तुलना कशाशी केली? कशाचीच नाही. "ॲज आय वॉज गोइंग होम" मधला ॲज म्हणजे नुसतं "जाताना". आणि "ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर" यात तुलना आहे, तरीही सिमिली नाही, कारण दोघंही माणसंच, दोघांची उंची मोजून मोकळे व्हा. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात, म्हणजे भाऊ आणि ताडाचं झाड. मग "लाइक" म्हणून जोडलं तर सिमिली, आणि "माझा भाऊ म्हणजे ताड आहे" असं सरळ ठोकून दिलं तर मेटाफर. खूण शोधायच्या आधी दोन गोष्टी शोधा, त्या सापडल्या की बाकीचं आपोआप दिसतं.

ॲप्रिसिएशनमध्ये फिगर बरोबर ओळखली तरी सरांनी अर्धाच मार्क दिला. का?

दहावीच्या थर्ड लँग्वेजच्या पेपरात ॲप्रिसिएशन, म्हणजे कवितेचं रसग्रहण, ५ मार्कांचं असतं. कवितेचं नाव आणि कवी मिळून १, राइम स्कीम १, फिगर ऑफ स्पीच १, आणि सेंट्रल आयडियाला २. त्या एका मार्कासाठी बहुतेक मुलं "द फिगर ऑफ स्पीच इज मेटाफर" एवढं लिहून पुढे पळतात. ओळ कुठली, कशाला काय म्हटलंय, काही नाही. तपासणाऱ्याला कसं कळणार की तुम्हाला कळलंय का गाइडमधलं आठवलंय?

टागोरांची "व्हेअर द माइंड इज विदाउट फीअर" घ्या, शाळेत ती कधी ना कधी भेटतेच. इंग्लिश गीतांजली १९१२ ची, बंगालीतून त्यांनी स्वतःच केलेली, पुढच्या वर्षी नोबेल. त्यात एक ओळ आहे, "व्हेअर द क्लिअर स्ट्रीम ऑफ रीझन हॅज नॉट लॉस्ट इट्स वे इन्टू द ड्रिअरी डेझर्ट सँड ऑफ डेड हॅबिट". आता हिच्यापाशी जरा थांबा. विवेकाला झरा म्हटलंय, सवयीला वाळवंट म्हटलंय, दोन्ही मेटाफर. पण नुसतं म्हटलेलं नाही, गंमत पुढे आहे. झरा वाळवंटात शिरला की त्याच्याशी कोणी भांडत नाही, वाळू गुपचूप पाणी पिऊन टाकते आणि झरा पुढे कुठे पोचतच नाही. "आमच्याकडे असंच करतात" म्हणत म्हणत माणसाचं डोकं चालायचं बंद होतं ते असंच, कोणाला कळतही नाही. टागोरांनी सवयीला भिंत किंवा बेडी म्हटलं असतं तर हे आलं नसतं. एवढं दोन ओळींत तुमच्या साध्या इंग्लिशमध्ये लिहा, मार्क कापायला जागाच राहत नाही, आणि हेच जरा वाढवलं की सेंट्रल आयडियाचे २ मार्कही निम्मे तिथेच सुटतात.

आणि हो, या कवितेची राइम स्कीम "ए ए बी बी" लिहू नका. यमकच नाहीये, फ्री व्हर्स आहे, तसंच लिहायचं.

एकाच ओळीत दोन-तीन फिगर्स दिसतात, मग कुठली लिहू?

जी तुम्हाला नीट समजावून सांगता येते ती. वरच्याच ओळीत ड्रिअरी, डेझर्ट, डेड असं एकाच आवाजाने सुरू होणाऱ्या शब्दांचं अलिटरेशन आहे, आणि झरा माणसासारखा वाट चुकतो म्हणजे पर्सोनिफिकेशनही म्हणता येतं. प्रश्नात एकच मागितली असेल तर एकच द्या, तिन्ही कोंबून एकीचंही स्पष्टीकरण नाही असं करू नका.

अलिटरेशन म्हणजे सेम लेटर का सेम साउंड?

साउंड! आणि इथे आपल्याला इंग्लिश मीडियमवाल्यांपेक्षा सोपं आहे, कारण देवनागरीत आपण आवाजच लिहितो. ओळ देवनागरीत लिहून बघा. नाइफ, नी, नॉक यांचं स्पेलिंग "के"ने सुरू होतं पण आपण "न" लिहितो, म्हणजे "किंग"बरोबर त्यांचं अलिटरेशन नाही. फोन आणि फॅनचं स्पेलिंग वेगळं, पण दोन्हीकडे "फ", म्हणजे आहे. कॅट आणि सिटी दोन्ही "सी"ने सुरू होतात तरी नाही. परीक्षेत पेपरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने करून बघायला दहा सेकंद लागतात.

मराठीच्या तासाला शिकलेले अलंकार इथे चालतात का?

चालतात काय, धावतात, आणि तरीही मुलं दोन्ही विषय दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सोनिफिकेशन, अनुप्रास म्हणजे अलिटरेशन, श्लेष म्हणजे पन. अतिशयोक्तीचं ते दमडीच्या तेलाचं गाणं आठवा, दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली, उरलेलं तेल झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला. हायपरबोल याहून चांगलं कुठल्या पुस्तकात मिळणारे मला दाखवा.

एक-दोन ठिकाणी मात्र जोडी जुळत नाही. उत्प्रेक्षा, म्हणजे "जणू"वाली, तिला इंग्लिशमध्ये वेगळं घर नाही, "ॲज इफ" आणि "ॲज दो" असलेल्या ओळी तिथे सिमिलीतच टाकतात. उलट आपल्या विरोधाभासाचे तिथे दोन तुकडे होतात: दोन उलटे शब्द शेजारीशेजारी चिकटले, "लिव्हिंग डेथ" सारखे, तर ऑक्सिमोरॉन, आणि पूर्ण विधानच उलटंसुलटं वाटतंय पण विचार केला की खरं निघतं तर पॅरडॉक्स. "दाग अच्छे हैं" ही साबणाची जाहिरात आठवली की पॅरडॉक्स विसरणार नाही.

अपॉस्ट्रफी म्हणजे तो वर देतात तो कॉमा ना?

तोही आणि हाही. फिगर म्हणून अपॉस्ट्रफी म्हणजे समोर नसलेल्याला, मेलेल्याला, देवाला किंवा वस्तूला थेट हाक मारणं. टागोरांच्या त्याच कवितेत शेवटी "माय फादर" म्हणून देवाला हाक आहे, झालं. वाऱ्याबद्दल तो माणूस असल्यासारखं बोललं तर पर्सोनिफिकेशन, वाऱ्याशीच बोलायला लागलं तर अपॉस्ट्रफी. बऱ्याचदा दोन्ही एकत्रच येतात.

पर्स्वेझिव्ह टेक्निक्स म्हणजे नक्की काय? एथॉस, पॅथॉस, लोगोस डोक्यावरून जातं.

ॲरिस्टॉटलने इसवीसनाच्या आधी चौथ्या शतकात सांगून ठेवलंय की माणूस तीन कारणांनी पटतो. बोलणारा विश्वासाचा वाटतो, ते एथॉस. मन हलतं, ते पॅथॉस. मुद्दा डोक्याला पटतो, ते लोगोस. व्याख्या एवढीच. पण ती पाठ करून काही होत नाही, चालू असताना बघावी लागते, आणि बघायला शेक्सपिअरच्या "ज्युलिअस सीझर" नाटकाच्या तिसऱ्या अंकातली ती दोन भाषणं सोडून दुसरीकडे जायची गरज नाही.

सीझरचा खून झालाय, बाहेर लोक जमलेत. आधी खुन्यांपैकीच एक, ब्रूटस, बोलतो, साध्या गद्यात, मोजून मापून. माझं सीझरवर प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. हे अँटिथेसिस, म्हणजे दोन उलट्या गोष्टी समोरासमोर; कारण देतोय म्हणजे लोगोस, आणि "माझ्या प्रतिष्ठेकडे बघून विश्वास ठेवा" म्हणतो ते एथॉस. लोक खूश. मग तो सीझरच्या मित्राला, अँटनीला, बोलायची परवानगी देतो आणि स्वतः निघून जातो, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच संपला, कारण खोडून काढायला समोर कोणी उरलंच नाही.

अँटनीला खुन्यांची निंदा करायची बंदी आहे. तर तो स्तुतीच करतो! "ब्रूटस इज ॲन ऑनरेबल मॅन". एकदा म्हणतो तेव्हा ते खरंच वाटतं. मग म्हणतो सीझरने पैसा आणला तो सरकारी तिजोरीत भरला, गरीब रडले की सीझर रडायचा, तीनदा मुकुट दिला तीनदा नाकारला, पण ब्रूटस म्हणतो सीझर महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस तर ऑनरेबल मॅन आहे. प्रत्येक वेळी तेच वाक्य, आणि प्रत्येक वेळी ते थोडं थोडं शिवीसारखं वाटायला लागतं. रिपिटिशन आणि आयरनी (बोलायचं एक, सुचवायचं उलटं) एका वाक्यात. मग मृत्युपत्र दाखवतो आणि वाचत नाही, लोक ओरडतात वाच वाच. मग भोकं पडलेला झगा दाखवतो, एकेका भोकाला एकेका खुन्याचं नाव देतो. "मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही" हे मधेच. आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्र, प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर ड्राक्मा. म्हणजे रडवून झाल्यावर खिशात हात.

आता परिणाम बघा. पुढच्याच सीनमध्ये हीच गर्दी सिन्ना नावाच्या एका कवीला धरते, कारण कटवाल्यांतही एक सिन्ना होता. तो बिचारा म्हणतो मी कवी सिन्ना, तर लोक म्हणतात बरं मग याला वाईट कवितांसाठी फाडा. मुलं इथे हसतात, हसू द्यावं, आणि मग विचारावं की अँटनी एक तरी शब्द खोटं बोलला का. यावर वर्ग अर्धा तास भांडतो, आणि तेवढ्यात एथॉस-पॅथॉस न शिकवता शिकून होतं.

प्रसिद्ध भाषणांतली उदाहरणं हवी आहेत, प्रोजेक्टसाठी.

नेहरूंचं १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचं. "व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम". झोपणं-जागणं हे अँटिथेसिस, देश जागा होतो हे पर्सोनिफिकेशन. आणि खरं बघायला गेलं तर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये भर दुपार होती, लंडनमध्येही लोक संध्याकाळचे जागेच होते, पण भाषणात हे कोणी मोजत नाही आणि मोजूही नये.

दुसरं मार्टिन ल्यूथर किंग यांचं, २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन. सगळे "आय हॅव अ ड्रीम"ची रिपिटिशन लिहितात, तुम्ही त्याआधीचा चेकचा भाग लिहा: अमेरिकेने कृष्णवर्णीयांना जो चेक दिला तो "खात्यात पैसे नाहीत" म्हणून परत आला. हक्कांची भाषा लोकांच्या पासबुकात आणून ठेवली. प्रोजेक्टमध्ये वेगळं दिसेल.

स्पीच रायटिंगला नेहमी कमी पडतात. पाठ केलेलं स्पीच लिहिलं तर?

दहावीला ते डायलॉगच्या ऑप्शनला येतं, बारावीला स्पीच असतं आणि अपीलही असतं, त्यामुळे टाळता येत नाही. पाठ केलेलं ओळखू येतं हो, कारण विषय बदलतो आणि स्पीच तेच राहतं. "रिस्पेक्टेड प्रिन्सिपल, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स" मध्ये चार ओळी जातात, मग "वॉटर इज लाइफ, वी शुड सेव्ह वॉटर, इफ वी डू नॉट सेव्ह वॉटर देअर विल बी नो वॉटर". यात खोटं काहीच नाही आणि ऐकण्यासारखंही काही नाही.

त्याऐवजी एक दिसणारी गोष्ट पकडा. "द टॅप बिहाइंड अवर स्कूल ड्रिप्स ऑल नाइट. वी ऑल हीअर इट. वी ऑल वॉक पास्ट इट. हू विल क्लोज इट, इफ नॉट वी?" शब्द पाचवीचे आहेत, पण "वी ऑल" दोनदा आलं ते रिपिटिशन, शेवटी ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन, म्हणजे उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न, आणि ऐकणारा आपोआप त्या नळापाशी उभा. मग एखादं कारण द्या, आणि शेवटी एकच काम सांगा जे उद्या सकाळी करता येईल. "लेट अस ऑल सेव्ह द अर्थ" हे उद्या सकाळी कोणालाच करता येत नाही.

आकडे ठोकून देऊ नका. "नव्वद टक्के लोक" असं मनाने लिहिलेलं लगेच दिसतं आणि एथॉस गेलं पाण्यात.

जाहिरातींवरून शिकवतात, ते टाइमपास नाही का?

अजिबात नाही, उलट शब्दाला पैसे मोजून लिहिलेलं इंग्लिश दुसरीकडे कुठे एवढं फुकट मिळतं? अमूलचं "अटर्ली बटर्ली डिलिशस" बघा, १९६६ पासून ती मुलगी होर्डिंगवर आहे, आणि दर थोड्या दिवसांनी बातम्यांवर नवीन पन. बातमी माहीत नसेल तर पन कळत नाही, म्हणजे पेपर वाचणंही आलं.

पण मला जास्त आवडतो तो बारीक अक्षरांचा तास. "अप टू ५० टक्के ऑफ" मधलं "अप टू". "डाग घालवायला मदत करतं" मधलं "मदत करतं", म्हणजे घालवतंच असं कुठे म्हटलंय. "फक्त आजच", "शेवटचे दोनच राहिले", लोकलमधला क्लिपा विकणारा पण हेच म्हणतो आणि उद्याही म्हणतो. "सगळे हेच वापरतात" हे बँडवॅगन. पांढरा कोट घातलेला माणूस, डॉक्टर आहे असं कुठेही लिहिलेलं नसतं, ते उसनं एथॉस. एक जाहिरात वहीत चिकटवा, प्रत्येक दाव्याखाली लिहा की हे तपासता येईल का. आणि खरंच दिशाभूल वाटली तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल नावाची संस्था मुंबईत १९८५ पासून आहे, तिच्याकडे कोणीही तक्रार करू शकतं. इंग्लिशमध्ये केली तर फॉर्मल लेटरची प्रॅक्टिस फुकट.

शब्द पाठ होतात पण लिहिताना एकही आठवत नाही.

कारण पाठ करताना तुम्ही इंग्लिश शब्द बघून मराठी अर्थ आठवता, आणि लिहिताना लागतं उलटं. उलट्या दिशेने करा: मराठी वाक्य वाचा, इंग्लिश शब्द आठवा, मग वाक्य बनवा. एका रात्री पन्नास करू नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलंय की विसरणं सुरुवातीला धडाधड होतं आणि मग मंदावतं. म्हणून आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी असं. यासाठी लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७० च्या दशकात कार्डांच्या खोक्याची पद्धत लोकांपर्यंत नेली: आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्या कप्प्यात. चपलांच्या खोक्यात मस्त होतं, ॲप घ्यायलाच पाहिजे असं नाही.

दुसरं, शब्द एकटा लिहू नका, जोडीने लिहा. आपण मोठा पाऊस म्हणतो म्हणून "बिग रेन" लिहिलं जातं, तिथे "हेवी रेन" लागतं. आपण परीक्षा देतो, तिथे "टेक" करतात. आपलं "करणे" सगळीकडे चालतं, चूक करणे, अभ्यास करणे, इस्त्री करणे, पण इंग्लिशमध्ये "मेक अ मिस्टेक" आणि "डू होमवर्क". याला काही लॉजिक शोधू नका, जोडीच पाठ करायची.

एकूण किती शब्द यायला हवेत?

मायकल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्याला होते, बंगालमधल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता त्यांना कळलं की पुस्तकांतले शब्द फार अवघड आणि फार विखुरलेले आहेत. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली, जनरल सर्व्हिस लिस्ट, इंटरनेटवर सहज मिळते. ते दोन हजार पक्के असतील, म्हणजे लिहिता येण्याइतके पक्के, तर दहावीचं लेखन आरामात निभतं. कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा इंग्लिश पेपर वाचायचा तर पॉल नेशन या भाषातज्ज्ञांच्या हिशोबाने आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे केअर, केअरफुल, केअरलेस, केअरलेसली हे सगळं मिळून एक. त्यामुळे प्रीफिक्स-सफिक्सचा धडा कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, एकाच्या मेहनतीत चार येतात.

अवघड शब्द वापरले की इम्प्रेशन पडतं ना?

पडतं, पण वाईट. "युटिलाइज", "प्लेथोरा" असले शब्द जबरदस्तीने घातले की बाकीचं वाक्य त्यांच्याखाली दबून जातं.

म्हणींचं भाषांतर शब्दशः करायचं का?

नाही. दहावीला भाषांतराच्या प्रश्नात एका मार्काला म्हण किंवा वाक्प्रचार असतो. "अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स" ला "वाईट कामगार हत्यारांना दोष देतो" लिहिण्यापेक्षा "नाचता येईना अंगण वाकडं" लिहा. "एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज" ला उथळ पाण्याला खळखळाट फार. जुळणारी म्हण आठवलीच नाही तर मग भावार्थ मराठीत नीट लिहा, कोरं सोडू नका.

एआयकडून ॲप्रिसिएशन लिहून घेतलं तर?

घ्या की, पण आधी स्वतःचं लिहा आणि मग त्याच्या शेजारी ठेवून वाचा. नुसतं उतरवलं तर वर्गातल्या दहा वह्यांत तेच निघतं.

आम्हाला इंग्लिश येत नाही, मुलीचा अभ्यास कसा घेणार?

राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्लिश सुरू झालं ते २००० साली, त्याआधी पाचवीपासून होतं, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते उशिराच मिळालं, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? इंग्लिश यायची गरजच नाही. जेवताना तिला सांगा, आज कवितेत काय होतं ते मराठीत सांग. कवीने कशाला काय म्हटलं आणि तेच का म्हटलं, हे तिला मराठीत सांगता आलं तर ती इंग्लिशमध्ये मोडकंतोडकं का होईना लिहील. टीव्हीवर जाहिरात लागली की विचारा, हा माणूस आपल्याला काय विकतोय आणि कसं. निवडणुकीची भाषणं चालू असतील तेव्हा तर रोजच विचारा.

वहीत किती फिगर्सचा तक्ता करू? गाइडमध्ये पंचवीस आहेत.

दहावीला आठ-दहा नीट करा: सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, अपॉस्ट्रफी, अलिटरेशन, रिपिटिशन, ओनोमॅटोपिया (आवाजाची नक्कल करणारा शब्द), अँटिथेसिस, हायपरबोल, आणि इंटरॉगेशन (म्हणजे वरचाच ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन). बारावीला पॅरडॉक्स, ऑक्सिमोरॉन, ट्रान्सफर्ड एपिथेट, इन्व्हर्जन, सिनेकडकी वगैरे वाढतात. प्रत्येकीसमोर स्वतःच्या पुस्तकातली ओळ लिहा, गाइडमधली नको. आणि ओनोमॅटोपियाचं स्पेलिंग आत्ताच दहा वेळा गिरवून ठेवा, परीक्षेत ते कोणालाच येत नाही.